कासवाचा नियम

२ मार्च
बाइंडिंगखाना, जेवणाची सुट्टी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीला ते द्यावे लागतात, म्हणून दिले. तुझी तब्येत ठणठणीत असेलच, तुला काय धाड भरणार आहे. माझंही बरं चाललंय. सध्या एका शाळेच्या ग्रंथालयाची नऊशे फाटकी पुस्तकं शिवायला आली आहेत. खळ लागून लागून बोटं अशी झालीत की फोन माझा अंगठा ओळखत नाही. मुकादम तोच आहे. अजून दिवसातून चारदा चष्मा शोधतो आणि चारही वेळा तो त्याच्याच डोक्यावर सापडतो. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस, म्हणून आत्याच्या विनवण्या करून तुझ्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीचा पत्ता मिळवला. हे पत्र साहेबासमोर उघडू नकोस.

आता पहिली बातमी. ‘कंदिलांचं बेट’ या जपानी ॲनिमे-मालिकेच्या चर्चागटावर ‘पहारेकरी’ नावाची जी मॉडरेटर आहे, ती मी. सात महिने जिला तू ‘पहारेकरीबाई, जरा पाय मोकळे करून या’ म्हणून डिवचत होतास, ती मीच. पंचवीस जानेवारीला तुला गटातून जन्मभरासाठी काढलं तेही मीच.

तू कोण, हे मला कसं कळलं? गटावरच्या तुझ्या ‘वीज’ या नावावरून काहीच कळलं नसतं. पण एकोणिसाव्या भागात दीपस्तंभावरचं घड्याळ पुढे पळतं आणि म्हातारा नावाडी लंबक वर चढवून ते ताळ्यावर आणतो, त्यावर तू लिहिलंस, ‘साफ चूक. लंबक खाली सरकवला की घड्याळ हळू चालतं. चित्रकाराने उलटं दाखवलंय.’ साडेतीनशे लोकांत हे एकालाही दिसलं नव्हतं. गटावरच्या ‘कासव’ नावाच्या सभासदाने तुला विचारलं, ‘वा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ तू उत्तर दिलंस, ‘घरी एक घड्याळजी होता.’

होता. बाबा तेव्हा आतल्या खोलीत बसले होते, चांगले जिवंत होते.

कासव आठवतो ना? आठवणारच. रविवारी आणि गुरुवारी दुपारी चारला एकेक भाग बघायचा, त्यापुढे एक मिनिट नाही. बघून झाला की गटावर येऊन शाळकरी पोरासारखं लिहायचा आणि शेवटी हात जोडायचा, ‘मंडळी, पुढचं सांगू नका हं.’ लोकांचा त्याच्यावर इतका जीव जडला की त्याच्यासाठी मी केलेला नियम सगळ्यांनी हसत मान्य केला. जो भाग कासवाने बघितला नाही, त्याबद्दल उघड बोलायचं नाही. जे लिहायचं ते काळ्या पट्टीखाली. ज्याला वाचायचंय त्याने पट्टीवर बोट ठेवावं, बाकीच्यांनी पुढे जावं. आपल्या गटाइतका सभ्य गट मी दुसरा पाहिला नाही.

एकटा तू कुरकुरत राहिलास. ‘एका आळशी माणसासाठी साडेतीनशे लोकांनी तोंड शिवून बसायचं का?’ ‘शेवट लपवणं ही फसवणूक आहे.’ मी तुला दोनदा ताकीद दिली. मालिका संपली, तू शेवट बघितलास, तुला बोलायचं होतं, आणि तुझा लाडका कासव अजून सत्तावन्नाव्या भागावर. पंचवीस जानेवारीला तू त्याला खाजगी निरोप पाठवलास, ‘नावाडी त्रेसष्टाव्या भागात मरतो. मुलीला होडीत बसवतो आणि स्वतः बेटावर राहतो. झालं एकदाचं. आता गटाला मोकळं करा.’

टिल्लू, कासव म्हणजे आपले बाबा.

आई गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. दुकान विकलं, घड्याळं गेली, हाताला चाळा राहिला नाही, म्हणून मीच त्यांना टॅबवर ही मालिका लावून दिली आणि गटावर नाव नोंदवून दिलं. ते हळू का बघत होते, ते गटाला कधी सांगितलं नाही. आठवड्याला तीन दिवस मूत्रपिंडाच्या मशिनवर आणि दोन दिवस त्या थकव्याने अंथरुणावर. उरलेल्या दोन दुपारी त्यांच्या होत्या. त्या तू घेतल्यास. त्या दिवसापासून त्यांनी टॅबला हात लावला नाही. सात भाग तसेच राहिले.

बाबा सहा फेब्रुवारीला गेले, सकाळी पावणेअकराला. मी शेजारी होते.

महिना होत आला आणि आत्ता सांगतेस, असं म्हणशील. हो, आत्ता सांगते, आणि मुद्दाम. आत्यालाही शपथ घातली होती. आईच्या वेळी तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती, म्हणून डॉक्टर काय म्हणाले ते बाबांनी तुला कळू दिलं नाही, मीही नाही. तू आलास तेव्हा आई माणसं ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. ती गेल्यावर चौथ्या दिवशी बॅग उचलून दारात म्हणालास, ‘तुम्ही माझ्यापासून शेवट लपवलात.’ मग सहा वर्षं फिरकला नाहीस. सहा वर्षं त्यांना मशिनवर कोण नेत होतं, बेडपॅन कोण धूत होतं, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. म्हणून मी ठरवलं, आपल्या घरात शेवट लपवतात असं हा म्हणतो ना, मग लपवूच.

आता तुझ्या डोक्यात एकच प्रश्न असेल. ‘वीज’ म्हणजे तू, हे बाबांना माहीत होतं का? त्याचं उत्तर खाली लिहिलंय. नियमाप्रमाणे वर काळी पट्टी आहे. ही बोट लावून सरकणार नाही. पुस्तकाच्या पाठीला लावतो तो सरस वापरलाय. ओढलीस तर कागद सोलून येईल आणि अक्षरंही जातील. बस बघत.

██████████████████████

पहारेकरी


१९ मार्च
घर, बाबांची खोली

टिल्लू,

या खेपेला आशीर्वाद देत नाही. ते देण्यासाठी माणूस जरा बऱ्या जागी उभा असावा लागतो.

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं चार पानं शिव्या येतील. मी तयारीतही होते, उत्तरं जुळवून ठेवली होती. तू चारच ओळी लिहिल्यास. ‘ताई, पट्टी दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेवून काढली. खाली कागद कोरा आहे. मला त्याचा राग नाही, मी त्याच लायकीचा आहे. फक्त बाबांना माहीत होतं का, तेवढं सांग.’

खाली मी काही लिहिलंच नव्हतं. तू ती पट्टी नखाने उकरत असशील या विचाराने मला आठवडाभर जेवण गोड लागलं, हे कबूल करते. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मात्र घास उतरत नाही. म्हणून आता सगळं सांगते, आणि आधीच्या पत्रातलं खोटं मागे घेते.

बाबांना माहीत होतं. त्या घड्याळाच्या दिवसापासून. ‘घरी एक घड्याळजी होता’ हे त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि हसायला लागले. म्हणाले, “होता म्हणतोय गधडा.” त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. मला म्हणाले, “त्याला कळू देऊ नकोस, नाहीतर जाईल पळून.” मी ते पाळलं. सात महिने एकाच गटावर तुम्ही दोघं गप्पा मारत होतात आणि मी दोघांच्या मधे शिट्टी घेऊन उभी होते.

मला तुझा हेवा वाटायचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्याशी बाबा गोळ्यांबद्दल बोलायचे, लघवीबद्दल बोलायचे, रिक्षा आली का म्हणून विचारायचे. तुझ्याशी ते नावाडी, वारा, समुद्र, माणसं खोटं का बोलतात, असल्या गोष्टी बोलायचे. चार वाजले की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि तो माझ्यासाठी नसायचा. कासवाचा नियम मी त्यांच्यासाठी केला हे खरं, पण त्याने तुझा तिळपापड होईल हेही मला ठाऊक होतं. तो तसा होताना बघून मला बरं वाटायचं.

तुझा निरोप आला तेव्हा मी बाबांच्या खोलीतच धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. त्यांनी तो वाचला, टॅब माझ्यापुढे धरला. मी दहा मिनिटांत तुला काढून टाकलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘सभ्यपणाचा अभाव’. त्यांना सांगितलं नाही.

काढलेल्या सभासदाला कुणी निरोप पाठवला तर तो त्याला जात नाही, मॉडरेटरच्या पेटीत पडतो. आमच्या गटाची तशी व्यवस्था आहे, मीच बसवलेली. त्याच दुपारी बाबांनी तुला उत्तर लिहिलं. एका बोटाने, पाऊण तास. ते माझ्या पेटीत आलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते वाचलं. तुला परत घ्यायला एक बटण दाबावं लागतं. मी ते दाबलं नाही.

बाबांनी टॅबला हात लावला नाही असं मी लिहिलं होतं, ते खोटं. ते सकाळ-संध्याकाळ टॅब उघडत होते. बारा दिवस. “आलं का गं त्याचं?” असं विचारायचे. मी म्हणायचे, “नाही हो बाबा, कामात असेल.” अकराव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. उरलेले भाग त्यांनी बघितले नाहीत हे मात्र खरं आहे, पण ते तुझ्या सांगण्यामुळे नाही. म्हणाले, “तो आला की बरोबर बघू.”

तुला अद्दल घडवायची होती मला. त्यात मी त्यांनाही वाट बघायला लावलं, आणि ते तसेच गेले.

त्यांचं उत्तर खाली उतरवते. काळी पट्टी कापून ठेवली होती, टेबलावर पडली आहे. लावत नाही.

‘टिल्लू, नावाडी मरणार हे मला केव्हाच कळलं होतं. किल्ली किती उरली आहे ते आवाजावरून ओळखण्यात माझा जन्म गेला. मला शेवटाची भीती नव्हती. मालिका संपली की तुझं माझं बोलणं संपेल, म्हणून हळू बघत होतो. आईच्या वेळी तुला सांगायला हवं होतं. चुकलो. तू मला आज सांगितलंस, बरं केलंस. आता मीही तुला वेळेवर सांगतो. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस, फार तर. रजा काढ आणि ये. ताईला विचारू नकोस, ती सांगणार नाही, जपत बसेल. सात भाग राहिलेत, चार वाजता बघू. बाबा.’

हे मी त्या दिवशी वाचलं होतं, टिल्लू. ‘जपत बसेल’ हेही वाचलं होतं. पंधरातले बारा दिवस माझ्या हातात होते.

तुझ्यावरची बंदी काल उठवली. मॉडरेटरचं पद सोडलं. गटाला सांगितलं की कासव गेला. त्यानंतर दिवसभर लोकांनी एक अक्षर लिहिलं नाही, फक्त काळ्या पट्ट्या टाकल्या, शेकड्याने. मी एकीवरही बोट ठेवलं नाही. बाबांचा मूळ निरोप तुझ्या पेटीत सोडला आहे. पंचवीस जानेवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं, अशी त्यावर वेळ दिसेल. मी उतरवलेल्यावर विश्वास ठेवू नकोस, तोच वाच. टॅब चार्ज करून त्यांच्या उशीपाशी ठेवला आहे. अठ्ठावन्नावा भाग लावलेला आहे.

आता मला काय शिक्षा द्यायची ते तू ठरव. जन्मभरासाठी काढून टाकलंस तरी माझी तक्रार नाही. फक्त काय ठरवलंस ते कळव. मला बाबांसारखं वाट बघत ठेवू नकोस.

ताई