कुजबुजीचा महोत्सव

प्रिय भोंग्या,

पाकिटावर तुझं खरं नाव घातलं आहे. पत्र तुझ्या हातात देणार तुझी सून, आणि तिच्यासमोर सासऱ्याची शोभा करणं बरं दिसत नाही. आत मात्र तू भोंग्याच. वर्गात हजेरी देताना तू 'हजर' म्हणालास की शेजारच्या वर्गातली पोरं उठून उभी राहायची, ते आठवतं ना? गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू कुणालाच भेटत नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी आलो होतो, एकदा नाही, बरेचदा. दर वेळी सूनबाई दारात येऊन अवघडून सांगते, काका, ते झोपलेत. आणि तिच्या मागे, पडद्याखाली, तुझ्या चपला दिसतात. हलतात. झोपेत चालायची सवय तुला लहानपणी तरी नव्हती. असो. भेटायचं नसेल तर नको भेटूस, पण वाचायला काही गळा लागत नाही. तेव्हा चष्मा पूस, पाय वर घेऊन बस आणि माझी बातमी ऐक. मी पुन्हा शाळेत जायला लागलो आहे.

झालं असं, की संध्याकाळच्या कॉलेजात कवितेचा वर्ग असतो असं कुणाकडून तरी कळलं. मी इस्त्रीचा सदरा घालून नाव घालायला गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने मान न उचलता सांगितलं, विद्यार्थी मिळेनात म्हणून कवितेचा वर्ग बंद पडला. पण त्याच खोलीत, त्याच वेळेला महोत्सव व्यवस्थापनाचा वर्ग सुरू झालाय, बसता का? मी मनात म्हटलं, खोली तीच आहे, म्हणजे खिडकीही तीच असणार. बसलो. खिडकीबाहेर एक भलंथोरलं झाड आहे, त्यामुळे सुरुवातीला काय शिकवलं ते मला विचारू नकोस. तू माझं नाव ढग्या ठेवलंस ते काही उगाच नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा तुझी वहिनी भांडी पुसता पुसता थांबली आणि म्हणाली, गॅस बंद करायचं ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो आता हजार माणसांचं बघणार. मग मला ऐकू जाईल अशा बेताने भांड्यांना उद्देशून म्हणाली, पण जाऊ दे, संध्याकाळचा घरात लुडबुड तरी करणार नाही.

आमच्या मॅडम माझ्या धाकटीपेक्षाही लहान आहेत. पायात धावायचे बूट, कमरेला वॉकीटॉकी, आणि घसा कायमचा बसलेला. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की ज्याला कार्यक्रम बघायला मिळाला, त्याने काम नीट केलेलं नाही. मी तर जन्मभर नुसतं बघतच आलो, त्यामुळे मला ते फार लागलं. त्यांचं शिकवणं असं, की महोत्सव शेवटाकडून आखायचा. आधी लोक बाहेर कुठून पडणार, मग आत कुठून येणार, मग पाणी, मग संडास, मग पाऊस आला तर काय, आणि अगदी सरतेशेवटी व्यासपीठावर कोण बसणार. आपण शाळेच्या संमेलनात बरोबर उलटं करायचो. पाहुणे महिनाभर आधी ठरायचे, आणि संडास कुठे आहे याची चौकशी पाहुण्यांनीच केली की मग धावाधाव.

एकदा त्यांनी आम्हाला एक रिकामं सभागृह बघून यायला सांगितलं. बाकीच्यांनी दारं मोजली, पायऱ्या मोजल्या, विजेची बटणं कुठे आहेत ते टिपलं. मी दोन पानं लिहिली, दुपारचं ऊन वरच्या झरोक्यातून रिकाम्या खुर्च्यांवर कसं ओळीने उतरतं त्यावर. खाली मॅडमचा शेरा आला: ऊन सुंदर. बाहेर पडायचं दार कुठे? हा शेरा मी घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. रोज सदरा काढताना वाचतो.

वर्गात सगळी पोरंपोरी. सुरुवातीला मला आजोबा म्हणायची, मग काका, आणि आता तर काकाही गाळून नुसतं 'अहो, धरा जरा' म्हणतात. यातला एक जण माझ्या शेजारी बसतो. त्याला मी धूरवाला म्हणतो. महोत्सव कसलाही असो, फुलांचा, पुस्तकांचा, मांजरांचा, त्याच्या आराखड्यात व्यासपीठावर धूर सोडणारं यंत्र असतंच. मनाने मात्र फार चांगला. माझ्या मोबाइलवर वर्गाच्या सूचना दिसत नव्हत्या, तर त्याने तो हातात घेतला, दोनदा अंगठा फिरवला आणि मला म्हणाला की काका, तुम्ही आम्हाला सगळ्यांना बंद करून ठेवलं होतंत.

मग आला आमचा प्रत्यक्ष कामाचा दिवस. फुलांचं प्रदर्शन होतं आणि माझ्याकडे आली रांग. हातात कर्णा दिला होता, तो दुसऱ्याच वाक्याला गप्प झाला. दार उघडायला उशीर, लोक कंटाळलेले, पुढे एक थकलेल्या आजीबाई. त्यांचं मन रमावं म्हणून मी आपली हळू आवाजात होडीची कविता म्हणायला लागलो. आपल्या शाळेतली, होडीवाला पहाटे एकटाच निघतो ती. काय झालं माहीत आहे? मागचे लोक ऐकायला पुढे सरकले. त्यांच्या मागचे गप्प झाले. मी जितका आवाज खाली आणला तितकी माणसं जवळ आली. तेवढ्यात दार उघडलं आणि आत कुणी जाईना. मॅडम धावत आल्या. म्हणाल्या, काका, रांग म्हणजे वाहतं पाणी, आणि तुम्ही इथे धरण बांधून बसलात. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी करून काय केलंत? सगळ्यांदेखत बोलल्या. आणि मग जाता जाता, वॉकीटॉकी तोंडापासून लांब धरून, हळूच विचारलं की त्या होडीवाल्याचं पुढे काय होतं.

मला सांगता आलं नाही, भोंग्या. तिसऱ्या कडव्यात वारा पडतो, आणि वारा पडला की माझं नेहमी होतं तेच झालं. पुढचं आठवेना. मी सवयीने मागे वळून पाहिलं, तर मागे नुसता लोखंडी कठडा. तुला ते संमेलन आठवत असेलच. मी व्यासपीठावर, हात पाठीमागे, आणि नेमका वारा पडला. तू पडद्यामागे उभा होतास. तू मला पुढची ओळ सांगितलीस, अगदी कुजबुजत, तुझ्या मते. ती ओळ मला ऐकू आली, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना ऐकू आली आणि शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या हेडमास्तरांनाही ऐकू आली. सगळा हॉल हसला. हेडमास्तर मागूनच म्हणाले, 'बक्षीस पडद्याला द्या.' तुझी कुजबूज ती एवढी, म्हणून तर पुढे बसस्थानकात तुला घोषणेच्या खोलीत बसवलं. माझ्या मुलांची प्रत्येक सुट्टी तुझ्या आवाजाने सुरू झाली रे. तुझी वहिनी अजून म्हणते, भावोजींनी गाडी पुकारली की पिशवी हलकी वाटायची.

वर्गाचा शेवटचा अभ्यास म्हणजे ज्याने त्याने एक छोटा महोत्सव आखायचा, आणि त्यातला एक खरोखर करायचा. मॅडमनी एकच अट घातली. ज्याला आपल्या महोत्सवाला येणं सगळ्यात जड जाईल असा एक माणूस डोळ्यासमोर आणा, आणि त्याच्या घरच्या उंबऱ्यापासून आखायला लागा. तो आला, तर बाकीचे येतीलच. पोरांनी कुणी चाकाच्या खुर्चीतली मावशी घेतली, कुणी तान्हं बाळ असलेली बहीण. मीही एक माणूस घेतला, नाव लिहिलं नाही. त्या माणसाला मोठ्याने बोलणं चालत नाही, म्हणून मी माईक काढून टाकला. धूळ चालत नाही, म्हणून मैदान काढलं. धूर तर मुळीच नाही. हे ऐकून धूरवाल्याने कपाळावर हात मारला, मग म्हणाला, 'मग उरलं काय, काका?' मी म्हटलं, 'कान उरले.'

तर भोंग्या, निवड माझ्या महोत्सवाची झाली आहे. येत्या रविवारी सकाळी, आपल्या कोपऱ्यावरच्या वाचनालयात. समोरासमोर खुर्च्या मांडायच्या, जोडीजोडीने. एका खुर्चीत कविता सांगणारा, दुसरीत ऐकणारा, मधे पुठ्ठ्याची लांब नळी, कापडाच्या दुकानात तागे गुंडाळायला असते तसली. सांगणाऱ्याने नळीत कुजबुजायचं, ऐकणाऱ्याने दुसरं टोक कानाला लावायचं. कविता संपली की ऐकणारा पुढच्या खुर्चीकडे सरकतो, म्हणजे पाणी वाहतं राहतं. वाचनालयाच्या बाई कडक आहेत. कुणी खोकलं तरी पेन्सिल टेबलावर आपटतात. त्यांनी आधी स्वतः ऐकून बघायचं ठरवलं. मी नळीतून पाखरांची एक छोटी कविता सांगितली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि नळीचं टोक कानापासून न काढताच म्हणाल्या, अजून एखादी येते का?

घरीही तालीम केली. नळीचं एक टोक तुझ्या वहिनीच्या हातात दिलं आणि दुसऱ्या टोकाला मी, लग्नाआधी तिला पाठवायची राहून गेलेली एक कविता सांगू लागलो. डोळे मिटून, अगदी रंगात येऊन. ती कधी नव्हे ती गप्प राहून ऐकत होती. मला वाटलं, डोळे पाणावले. कविता संपल्यावर तिने नळी तोंडाशी नेली आणि तितक्याच हळुवारपणे म्हणाली, 'दूध उतू जातंय.' गॅस मीच चालू ठेवला होता, हे सांगायला नकोच. पण त्या संध्याकाळपासून नळी स्वयंपाकघरात ठेवली आहे, आणि मी बाहेरच्या खोलीत वाचत असलो की तिचं एक टोक आपोआप माझ्या खांद्यापाशी येतं. बहुतेक वेळा भाजी आणायची असते. नेहमीच असते असं मात्र नाही.

सांगणारे जवळजवळ सगळे मिळाले. वर्गातली पोरं आहेत, वाचनालयाच्या बाई आहेत, आणि धूरवाल्याने तर सगळ्या नळ्या रंगवल्या, एक कविताही पाठ केली; तिच्यात धुकं आहे, तेवढंच त्याचं समाधान. फक्त एक खुर्ची मोकळी आहे. खिडकीजवळची, उंच पाठीची. बाजूचं लहान दार तिच्या लगेच मागे, म्हणजे वाटलं तर कुणाच्या नजरेत न येता निघून जाता यावं. शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. खुर्चीचं तोंड बागेकडे, म्हणजे गळ्याभोवती रुमाल असला तरी बघायला फक्त झाडं. मॅडमचा नियम आहे, प्रत्येक खुर्चीला नाव हवं, नाहीतर ती खुर्ची काढून टाकायची. काल त्यांनी आराखड्यावर बोट ठेवून विचारलं, इथे कोण? मी म्हटलं, विचारून सांगतो. त्यांनी तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, शनिवारपर्यंत.

म्हणून हे पत्र. तो माणूस तू आहेस, हे तुला पाण्याच्या थर्मासपाशीच कळलं असेल; तू काही माझ्यासारखा ढगात नसतोस. सूनबाई सांगत होती, डॉक्टर म्हणतात आता कुजबुजण्यापुरताच आवाज राहिला, आणि तू म्हणे तेवढाही वापरत नाहीस, पाटीवर लिहून दाखवतोस. अरे, तुझी कुजबूज मी ऐकलेली आहे. ती हेडमास्तरांपर्यंत गेली होती. येत्या रविवारी सगळं गाव कुजबुजणार आहे, त्यात तुझ्याइतका तयारीचा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? पण उंबऱ्यापासून आखायचं ठरलंय, तर उंबऱ्यापासूनच. पाकिटाबरोबर सूनबाईकडे एक नळी दिली आहे, निळी. उद्या सकाळी ती नळीचं एक टोक तुमच्या दाराशेजारच्या खिडकीतून बाहेर काढून ठेवेल. दार उघडू नकोस, पडदा सारू नकोस, मी आत डोकावणार नाही. मी बाहेरून होडीची कविता म्हणायला सुरुवात करीन, आणि तिसऱ्या कडव्यात वारा पडला की थांबीन. नळीतून 'चालता हो' म्हणालास, तरी मी ती रंगीत तालीम समजेन. काहीच म्हणाला नाहीस, तर परवा पुन्हा येईन, आणि शनिवारीही. पण मॅडमना मी अजून सांगितलेलं नाही की वारा पडल्यावर होडीवाला काय करतो. ते मला एकट्याला कधीच आठवलं नाही, भोंग्या. मी नळी कानाला लावून उभा राहीन, पडद्यामागून ओळ येईपर्यंत.

तुझाच, अजूनही तिसऱ्या कडव्यात अडकलेला,
ढग्या