मामांच्या डुकरासाठी धनुष्य

नवागाम, सुरत
१२ जून १९९६

तीर्थरूप शालिग्राम मामांच्या पायांवर सुरतेचा भाचा वाल्मिक डोकं ठेवतो आणि कळवतो की आई, तुमची हर्षदा आणि मी इकडे खुशाल आहोत. फक्त गल्लीतलं पाण्याचं एक पिंप खुशाल नाही, त्याची हकीकत पुढे येईलच. मामींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? आणि तुमच्या भुईमुगातल्या त्या रानडुकराची तब्येत कशी आहे तेही कळवा. त्याची काळजी सध्या माझ्याइतकी त्याच्या आईलाही नसेल.

तुम्हाला आठवत असेलच (नसेल तर मी आठवण करून देतो), आखाजीच्या मुहूर्तावर गावात लग्न होतं, त्याची पंगत बसली होती. तुमची बंदूक निवडणुकीपायी पोलीस ठाण्यात जमा होती, डुकरानं आदल्या रात्री अर्धा भुईमूग उकरला होता आणि पानातली बट्टी गार झाली होती. या तिन्ही दुःखांनी तुम्ही भर मांडवात गरजलात, "जो या डुक्करले बाणघाई मारी, त्याले मी मन्ही पोर दिसू!" बाणानं डुक्कर मारील त्याला मामा पोरगी देणार, हे ऐकून लोक पोट धरून हसले. हर्षदा वरण वाढत होती, तिनं बादली खाली ठेवली आणि ती आत निघून गेली. मला वाटलं, वरण संपलं. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो असं आपल्याकडे सगळे म्हणतात, पण आमची नवागामातली एक खोली पाहिल्यापासून तुमचे कान त्याच विषयापुरते बंद झालेले. म्हणून मी द्रोण हातात घेऊन उभा राहिलो आणि शब्द दिला की सुरतेत मिळत नाही अशी वस्तू नाही, धनुष्य मी आणतो आणि डुक्कर मीच पाडतो. तेव्हापासून माझं लग्न त्या जनावराच्या जिवावर अडून बसलं आहे.

चौकबाजाराकडे खेळाच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, मालक म्हातारे पारशी बावाजी. मी सुपडूला बरोबर घेतलं. (सुपडू आमच्याच मिलमध्ये जिगर मशीनवर कापड रंगवतो आणि ज्यातलं त्याला कळत नाही त्यात जास्त बोलतो.) बावाजींनी विचारलं, काय मारायचंय? मी म्हटलं, रानडुक्कर. यावर त्यांनी चष्मा काढला आणि गुजरातीत बराच वेळ काही सांगितलं, ते मी आत्ता लिहीत नाही. मग त्यांनी कुठल्याशा क्लबानं मागवून न नेलेली परदेशी धनुष्यं मांडली. आपल्याकडच्या बांबूच्या कामठ्यासारखी ती साधी वाकलेली नसतात. त्यांची टोकं पुढच्या बाजूला उलटी वळलेली असतात, तुमच्या मिशीसारखी, आणि त्यामुळे बाणाला जोर मिळतो. मोठ्या जनावराला कडक धनुष्य लागतं, झुडपांतून फिरायचं तर आखूड बरं, पण जे ताणून नेम धरेपर्यंत हात थरथरणार नाही तेच आपलं, असं बावाजी समजावत होते. मी त्यांचं ऐकलं असतं तर हे पत्र एवढं लांबलं नसतं. पण मी पडलो फोल्डिंग खात्यातला, दिवसभर ताके तपासणारा. मी धनुष्याचं पातं दोन बोटांत चोळलं, उजेडाकडे धरून डाग पाहिला, माल फ्रेश आहे की सेकंड ते विचारलं. सुपडूनं दोरीला थुंकी लावून रंग पक्का आहे का तेही बघितलं. बावाजींनी ती दोरी रुमालानं पुसून घेतली. कापडात भरीव माल तो चांगला, म्हणून मी सगळ्यांत कडक धनुष्य निवडलं आणि ते खांद्यावर टाकून घरी यायला पांडेसऱ्याच्या शेअर रिक्षात असा बसलो की शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली.

आता पिंपाची हकीकत. या धनुष्याची दोरी उतरवलेली असली की ते आपोआप एका बाजूला वाकून बसतं, अगदी कामठ्यासारखं. आम्ही दोघं खूश झालो, म्हटलं निम्मं काम कंपनीनंच करून दिलंय! ज्या बाजूला वाकलं होतं त्याच बाजूनं आम्ही दोरी बांधली. खरं तर त्याला उलट्या बाजूला वाकवून बांधायचं असतं, पण उलट वाकवायला बावाजींनी सांगितलं तेव्हा सुपडू म्हणाला होता की म्हाताऱ्याला विसर पडत असेल. रविवारी सकाळी नळाला पाणी आलं होतं, बाया रांगेत होत्या, त्यांच्यासमोर मी बाण लावला आणि ओढला. धनुष्य हातातल्या हातात गर्रकन फिरलं, त्यानं माझ्या गालावर एक ठेवून दिली, आणि बाण समोरची भिंत सोडून शेजारच्या सरलाबाईंच्या नुकत्याच भरलेल्या पिंपात घुसला. सरलाबाईंनी आधी पिंपाला लागलेल्या धारेखाली हंडा लावला आणि मग तोंड उघडलं. त्यातला एकही शब्द मामींच्या देखत वाचता येणार नाही. एवढ्यात हर्षदा दारातून उठली. (ती आखाजीनंतर आत्याकडे राहायला म्हणून आमच्याबरोबर आली ती इथं साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करते, तुम्हाला माहीतच आहे.) गालावर एक टिकली तशीच चिकटलेली. तिनं धनुष्य उचललं, टोकाची खाच बोटानं चाचपली, दोरी कुठं बसायची ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "फुई, यासनी ते उलटं बांधेल शे."

सुलट बांधल्यावर ते मला कानापर्यंत ओढवेना. सुपडूलाही ओढवेना, फक्त त्याची पँट शिवणीतून सुटली. शेवटी हर्षदा आणि मी ते बदलायला गेलो. बावाजींनी मला बाजूला सारून तिचे हात पसरून माप घेतलं, तिला एकेक धनुष्य ताणून धरायला लावलं आणि तिनं सगळ्यांत हलकं निवडलं. मी कुरकुरलो की यानं डुकराला गुदगुल्या होतील. ती म्हणाली, आधी चित्रातलं मारून दाखव.

म्हणून मिलमधल्या चिंध्या पोत्यात भरून सुपडूनं त्यावर डुक्कर रंगवलं. मिलमध्ये राणी गुलाबी तेवढा शिल्लक होता, त्यामुळे डुक्कर नवरीच्या शालूच्या रंगाचं झालं. मी बाण सोडायला लागल्यावर सुपडू लांब पळायचा. पुढे पुढे तो त्या डुकराला टेकूनच बिडी ओढायला लागला, म्हणाला, इथं सगळ्यांत बिनधोक आहे. मग हर्षदानं धनुष्य घेतलं आणि सुपडूला बाजूला व्हायला सांगितलं. तिला मचाणावर बसवून गोफणीनं पाखरं हाकायला तुम्हीच शिकवलंत, मामा, आता भोगा. बाण डुकराच्या बरोबर कानात गेला. मी टाळ्या वाजवल्या आणि वाजवता वाजवता थांबलो, कारण पैज तिनं जिंकली होती. ती मात्र पोत्यापाशी खाली बसली. म्हणाली, "बापूनी माले डुक्करसाठे पैजवर लाई दिन्हं. एकदाव माले इचारं व्हतं ते!" मला एकदा विचारायचं तरी होतं, एवढंच तिचं म्हणणं, आणि डोळे भरले होते तिचे. वरण संपलं नव्हतं, मामा. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं, आणि तुमच्या मोठेपणाचा मान राखून सांगतो, तुमचा रागही आला.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार, म्हशीला चारा, डुकराला दीर्घायुष्य.

तुमचा भाचा,
वाल्मिक

ता. क. बावाजींनी चष्मा काढून जे सांगितलं ते असं की परवान्याशिवाय रानडुक्कर मारणं हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल तुरुंगात बसावं लागतं. म्हणजे तुमची पैज मांडवातच बाद झाली होती. हे पहिल्या पानावर लिहिलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलं नसतं.

आणखी ता. क. तरीही शब्द म्हणजे शब्द. तुम्ही 'जो मारी' म्हणालात, डुक्कर हर्षदानं मारलं (गुलाबी का होईना), तेव्हा तिला कुणाला द्यायचं ते तिनंच ठरवावं. तिला मी विचारलं. ती दोन दिवस टिकल्या चिकटवत राहिली आणि मग म्हणाली, ज्याच्या हातून एक पोतं मेलं नाही त्याच्या घरात जिवाला धोका नसावा. आई याला होकार समजते. मीही समजतो. तेव्हा तुमचा होकार कळवा, आणि निवडणूक संपली म्हणून पोलीस ठाण्यातून बंदूक सोडवायची घाई मात्र लग्न होईपर्यंत करू नका. पत्र लिहायचं कारण एवढंच.

शेवटचं ता. क. (हे हर्षदाच्या हातचं.) बापू, मी रागावले आहे, पण हो म्हणालात तर राग जाईल. डुकराला मी आल्यावर गोफणीनं हाकलेन. धनुष्य तिकडे आणणार नाही, ते मला इथं लागणार आहे.