टिकलीच्या पाकिटातलं सिम

हाइल, सौदी अरेबिया, गुरुवार संध्याकाळ

ड्युटीवरून आले आणि चिपळूणच्या बँकेतून फोन. गृहकर्ज नामंजूर. "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर फार खाली आहे. जुन्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी पाच वर्षं थकलीय."

कार्ड? मुंबईच्या हॉस्पिटलात एका एजंटाने गळ्यात मारलेलं. एकदाही वापरलं नाही मी. "आम्ही मेसेज पाठवत होतो," म्हणाले. जुन्या नंबरवर! इथे नर्स म्हणून रुजू झाले त्या दिवशी ते सिम काढून टिकलीच्या पाकिटात जपून ठेवलं. रिचार्ज करायचं मात्र सुचलं नाही. इथे सगळं सौदी नंबरवर, इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर.

सुधीरला कसं सांगू? माझ्या पगाराच्या भरवशावर नवऱ्याने फ्लॅटच्या बुकिंगचे पैसे भरलेत. महिनाअखेर कर्जाचं पत्र दिलं नाही, तर ते बुडाले. स्कोअर सुधारायला वर्ष तरी जाईल म्हणे.

मघाशी ते पाकीट उघडलं. दोन टिकल्या आणि सिम. काय वाटलं कोण जाणे, त्या नंबरला फोन लावला. बंदच असेल, असं धरून चालले होते. रिंग वाजली.

"हॅलो, कोण बोलतंय?" कुणी अनोळखी बाई. मागे कुकरची शिट्टी.

म्हणजे कंपनीने नंबर तिला देऊन टाकला. मग बँकेचे मेसेज, ओटीपी सगळं तिच्याकडे? माझ्या नावावर आणखी काय काय झालं असेल?

"अहो, कोण पाहिजे?"

"राँग नंबर" म्हणाले आणि फोन ठेवला. माझ्याच नंबरला.