ऑल्टची कळ आणि न्गोनी अध्यक्ष

प्रिय चोला,

मी, एव्हारिस्टो कापेम्ब्वा, वाणिज्य शाखेचा पदवीधर, न्डोला येथील परिचारिका प्रशिक्षण विद्यालयाचा प्रशासन अधिकारी आणि तुझा पिता, हे पत्र निश्चित हेतूने लिहीत आहे. बुधवारी नियामक मंडळासमोर काय घडले ते तुला एखाद्या मावशीकडून मीठमसाला लावून कळण्याआधी माझ्याकडून जसेच्या तसे कळावे, हा पहिला हेतू. दुसऱ्याकडे क्रमाने येईन.

काचबिंदूने माझा डावा डोळा आधी नेला आणि उजवा गेल्या पावसाळ्यात, हे तू पाहिलेच आहेस. त्यानंतर मंडळापुढे प्रश्न एकच होता : मला पदावर ठेवायचे, की प्रकृतीच्या कारणास्तव सन्मानाने घरी बसवायचे. 'सन्मानाने' हा शब्द माझ्यासमोर इतक्यांदा उच्चारला गेला, की मला त्याची धास्ती बसली. अखेर असे ठरले, की मी मंडळासमोर संगणकावर काम करून दाखवावे. जमले तर पद राहील.

मला शिकवले ते अंधांच्या केंद्रातील श्रीमती न्गान्डू यांनी. त्या जन्मांध आहेत आणि दयामाया हा प्रकार त्यांच्याकडे नाही. पहिल्याच दिवशी माझा हात सवयीने माउस चाचपू लागला, तेव्हा त्यांनी तो काढून खणात टाकला. "चोलाचे बाबा, बाण दिसत नाही तर फिरवणार कुठे? इतकी वर्षं शिकलात, पाठांतर येतं ना? मग करा!" ऑल्टची कळ दाबली की वरचा मेनू जागा होतो आणि यंत्र कानात नाव सांगते. उजव्या बाणाने शेजारच्या मेनूत जायचे, खालच्या बाणाने एकेक ओळ उतरायची, एंटरने होकार द्यायचा, एस्केपने माघार घ्यायची. "वाट चुकली की एस्केप," त्या म्हणत, "उसासे नकोत. उसाशाची कळ नाहीये त्यावर." घरी मी जेवतानाही पुटपुटत असे : फाइल, खाली, खाली, खाली. त्यावर तुझी आई म्हणाली, "अहो, ताटातली मक्याची न्शिमा गार होतेय. तिच्यावर दाबा की ते एंटर."

तुला एक गोष्ट सांगतो, जी मी अद्याप कोणाला सांगितलेली नाही. दृष्टी गेल्यापासून घरातली प्रत्येक वस्तू कोणीतरी प्रेमाने हलवून ठेवत असते. चष्म्याचे निरुपयोगी घरसुद्धा. मेनूतील ओळी मात्र जिथल्या तिथे असतात. 'जतन करा' काल जिथे होते तिथेच आज असते. त्या स्थैर्याने मला रात्री झोप येऊ लागली.

बुधवारी मला एका विद्यार्थिनीचे वॉर्डातील नेमणूकपत्र तयार करून छापायचे होते. मजकूर लिहून झाला. मी ऑल्ट दाबले, 'फाइल' ऐकले, उतरू लागलो. 'छापा' हा शब्द यायच्या बेतात असताना कानातला आवाज भलतेच काही बोलू लागला. मी बाण दाबला; भलतीच ओळ. प्राचार्याबाईंनी कीव आलेल्या माणसाचा सुस्कारा टाकला. मी हरलो, असे सर्वांनी धरले. परंतु त्या क्षणाआधी मी एक टिचकी ऐकली होती. अध्यक्ष श्री. जेरे माझ्या खांद्यामागे उभे होते. मला शोधावे लागू नये म्हणून त्यांनी निव्वळ चांगुलपणाने स्वतःच माउस धरून मेनूवर टिचकी मारली होती.

वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून मंडळाच्या अध्यक्षांना, 'हात काढा' कसे म्हणावे? मग आठवले, जेरे न्गोनी जमातीचे आहेत आणि मी बेम्बा. तुझ्या आजोबांच्या दफनाच्या वेळी न्गोनी शेजारी खड्ड्याच्या काठावर बसकण मारून, "या म्हाताऱ्याला आत घ्यायचं तर आधी आम्हाला बिअर पाजा," असे ओरडत होते आणि तुझी आजी रडता रडता हसली होती, ते तुला आठवत असेल. आमच्या या दोन जमातींत थट्टेचे जुने नाते आहे; कोणी कोणाला काहीही बोलावे. राग धरायचा नाही. मी मोठ्याने म्हणालो, "अहो गायचोर! तुमच्या पणज्यांना आमची जमीन पळवता आली नाही, म्हणून तुम्ही माझा मेनू पळवता होय? मागे घ्या तो हात!"

जेरे खो खो हसत सुटले. "ऐका, माकडखाऊ बेम्बा न्गोनीला हुकूम सोडतोय! घे बाबा, घेतला हात. कर काय ते." मी दोनदा एस्केप दाबून मजकुरात परत आलो आणि पुन्हा ऑल्टपासून निघालो. थोड्याच वेळात छपाईयंत्र घरघरले. जेरे यांनी ते नेमणूकपत्र सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले, एकही चूक निघाली नाही, आणि मंडळाने मला पदावर कायम ठेवले. बाहेर व्हरांड्यात तुझी आई वाट पाहत होती. तिने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "भूक लागली आहे."

आता दुसरा हेतू. शिक्षणाचे शेवटचे वर्ष सोडून, वसतिगृहाची खोली रिकामी करून, कचेरीत माझ्याशेजारी बसून मला वाचून दाखवायला तू येणार आहेस, हे मला समजले आहे. आईवर रागावू नकोस. तिला माझ्यापासून काही लपवता येत नाही. तुझ्या मनात काय आहे ते मी पूर्णपणे जाणतो आणि त्याने माझा ऊर भरून येतो. अध्यक्षांना मी चेष्टेत सांगू शकलो. पोटच्या मुलीशी ती सोय नाही आणि फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर माझ्याने बोलवले नसते. म्हणून हे पत्र, जे मी एकट्याने लिहिले, तपासले आणि छापले. चोला, हात मागे घे. खोली सोडू नकोस. ऑगस्टच्या सुट्टीत मात्र अवश्य ये. पाहुणी म्हणून ये आणि आयत्या ताटावर बस.

तुझाच,
बाबा

एव्हारिस्टो कापेम्ब्वा
न्डोला, १४ जून २०१९