लिदीशिवाय मळलेली माती

अण्णा,

यंत्र आलं. सोबत भोकाच्या पाच चकत्या, भिंतीत ठोकायचे बोल्ट आणि लांब दांडा. सहा हजार दोनशे, टेम्पोचे दीडशे वेगळे. शेवेच्या सोऱ्याचा थोरला भाऊ समजा: वरून माती भरायची, दांडा खाली ओढायचा, चकतीला जसं भोक तशी वळी बाहेर येते. कपांचे कान पाडायला घेतलं. चौकातला चहावाला म्हणाला, "काकू, कान बराबर बसले आन् भट्टीत टिकले तर दर महिन्याला माल घेतो. न्हाई तर माझे कागदी कप बरे." आमचे हे चाकावर कप घडवतात, कान माझ्याकडे.

पण कान काही धड निघेना. माती तुमच्यासारखीच केली होती, घोड्याची लीद चाळून, राख घालून, पायानं तुडवून. लिदीतली काडी चकतीच्या कडेला अडकते आणि वळी करवतीसारखी दातेरी होऊन येते. दांडा ओढून ओढून खांदा भरून आला. वर हे ओट्यावरून विचारतात, "शेव पाडून राह्यली का चकल्या?" यंत्र शिकवणाऱ्या बाई फोनवर सांगतात, लीद काढून टाका. काढून टाका म्हणे.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माती तुडवताना मी तुमच्याच अंगणात असते. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे, तुम्ही चिमूटभर माती बोटांत चोळून म्हणता, "लीद कमी पडली. भट्टीत तडकंल. पुन्हा तुडव." मॅट्रिकच्या पेपरच्या सकाळीही तुडवायला लावलंत. बाईमाणसानं चाकावर बसायचं नाही, म्हणून चाक कधी दिलं नाहीत. मातीत काय किती घालायचं, एवढंच मला दिलंत, आणि या यंत्राला नेमकं तेच नको.

काल सांजेची आरती झाल्यावर बिनलिदीची माती भरली. वळी सरसर उतरली, गुळगुळीत. कान चिकटवून कप सावलीत ठेवलेत. कपात लीद, कानात नाही; आगीत दोघांचं कसं जमतं कोण जाणे. तडकले तर चहावाला गेला आणि तुमचं खरं झालं. देवापुढं रोज तुमचं नाव घेते, अण्णा, पण काल पहिल्यांदाच म्हटलं, या एका भट्टीपुरतं अण्णांचं खोटं होऊ दे. हे पत्र देव्हाऱ्याखालीच राहील. तरी रागावला असाल तर उलट टपाली कळवा.