आधी स्वतः लटकायचं

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी अजून माणसं टांगते आहे. हसू नका. चेन्नईतल्या नाटकवाल्यांना कुणाला हवेत उचलायचं असलं की माझी आठवण येते. यंदा ऑपेरा होता, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं गाऊन. तुम्ही म्हणाला असतात, मग आपलं संगीत नाटकच की. गोष्ट जुनी, ग्रीकांची. कैदेतून सुटायला कारागीर बाप मेणाने पिसं जोडून पंख करतो, मुलगा सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळतं. यांनी मुलाची मुलगी केली, कैदेचं चेन्नईच्याच गिंडी भागातलं वर्कशॉप केलं, आणि बापाला उडूच दिलं नाही. तो खाली दोर धरून उभा. गात गात सैल सोडत राहतो, कारण ती किती उंच जाते ते त्यालाच बघायचं असतं. चूक पोरीच्या हट्टाची नाही, बापाच्या कौतुकाची. तालमीत हे पाहिलं आणि मी चक्क रडले. इतकं खरं मी रंगमंचावर फार कमी पाहिलं आहे.

मला तुमचंच वर्कशॉप दिसत होतं. खंडेनवमी, म्हणजे तिथली आयुधपूजा. लेथला चंदनाचे टिळे, चेनपुलीला झेंडूची माळ, टोपलीत कुरमुरे. मी नऊ वर्षांची, पुलीला लटकून वर जायचा हट्ट धरलेला. तुम्ही सगळ्या कामगारांसमोर ओरडलात, "आज यंत्रांना सुट्टी आहे. हात लावायचा नाही." मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शाळेतून मला थेट तिथे नेलंत. मला बसवण्याआधी पट्टा स्वतःच्या कमरेला बांधलात आणि साखळी ओढणाऱ्याला उचलायला सांगितलंत, "तूक्कुंगा, अण्णा." तुम्ही दीड हात वर, चपला खाली पडलेल्या, आणि वरूनच मला सांगताय, "दुसऱ्याला टांगायचं तर आधी स्वतः लटकायचं." मग मी वर गेले. पत्र्याच्या झरोक्यातून मला पार रस्त्यावरची बस दिसली होती.

तेव्हापासून तेच करत आले. या ऑपेराचे पहिले तीन प्रयोगही तसेच. चौथ्याला, शेवटच्याला, गुडघा ठणकत होता. दोर कालचाच, पुली कालचीच. न लटकता मी तपासणीच्या कागदावर सही केली. पट्टे आवळताना गाणाऱ्या मुलीने रोजच्यासारखं विचारलं, "अक्का, तुम्ही जाऊन आलात ना?" मी म्हटलं, "आमा, जाऊन आले." ती निर्धास्त वर गेली आणि कधी नव्हे इतकं सुंदर गायली. मी विंगेत घामाघूम. काही झालं नाही. टाळ्या थांबेनात. सगळे गेल्यावर मी पट्टे बांधून लटकले, दोर पक्का होता, आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

परवा तिचा फोन आला, आभार मानायला. म्हणाली, "तुम्ही आधी जाता म्हणून मला भीती वाटत नाही." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. हे पत्र चेनपुलीच्या पेटीत ठेवून देते. तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिलं. पत्ता तिचा घालायला हवा होता.