हवे त्याने न्यावे

रविवार, दिनांक नऊ, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ लक्षात ठेवा, विहीणबाई, कारण नेमक्या या वेळी तुमच्या नातीने मला घराबाहेर काढले. (नात माझीही आहे, पण सध्या ती तुमच्याच नावावर असू द्या.)

सप्रेम नमस्कार. गुडघे काय म्हणतात? माझे उत्तम आहेत. अपमान झाला की ते जरा जास्तच झपाझप चालतात.

घडले ते असे. घरात पसारा इतका झाला होता, की सोफ्यावर बसायचे तर आधी दोन बाहुल्या, एक ओली चड्डी आणि तुमच्या मुलीचा लॅपटॉप यांची परवानगी घ्यावी लागे. रात्री पोरीचे जागरण, दिवसा जेवणाच्या टेबलावर ऑफिस; सूनबाई इतकी दमली होती की परवा फ्रिजला धडकून त्यालाच "सॉरी" म्हणाली. शेवटी डोके शांत व्हावे म्हणून तिने पसारा काढायला घेतला. नियम एकच: जे दोन आहे, त्यातले एक देऊन टाकायचे. द्यायच्या वस्तूवर लाल चिठ्ठी, तीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात "हवे त्याने न्यावे". चिकटवायचे काम चार वर्षांच्या चिमुरडीकडे, म्हणजे तेवढा वेळ ती गप्प बसेल. (माझा मुलगा, म्हणजे तुमचे जावई, खोकी जिन्यात नेऊन ठेवत होता. त्याला कोणी काही विचारत नाही.)

मी औषधे आणायला गेले. रांगेत मागे कुजबुज सुरू झाली. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलेले, की मागे वळून पाहायचे नाही, पाठ ताठ ठेवायची. मी ठेवली. जितकी पाठ ताठ, तितकी चिठ्ठी वाचायला सोपी! अखेर मागचे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "बाई, मी घरी विचारून सांगतो."

"काय विचारून?" मी वळून कडाडले, तेव्हा दुकानदाराने माझ्या पाठीवरची चिठ्ठी काढून हातात दिली.

घरी येऊन मी खटलाच भरला. आरोपी टेबलाखालून म्हणाली, "आज्या दोन आहेत ना? मग एक द्यायची."

"मग मीच का गं, भवाने?"

"ती आजी इथे नव्हती."

म्हणजे विहीणबाई, तुम्ही राहिलात त्या गुणांवर नव्हे, गैरहजेरीवर! टेलिफोन खात्यात उभ्या जन्मात एकदाही उशिरा न गेलेल्या बाईला हजेरीची ही शिक्षा? नियम तुमच्या मुलीचा, तेव्हा जाब तुम्हालाच विचारणार.

आपली (तूर्त याच पत्त्यावर असलेली),
विहीण

ता.क. हे सगळे ऐकून सूनबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग खोक्यावर बसून हसता हसता रडू लागली, ती थांबेचना. मी पाठीवरून हात फिरवला; पण आईचा हात तो आईचाच.

आणखी एक ता.क. तेव्हा पंधरा दिवस इकडे या. या पोरीला एक आजी पुरत नाही. हे मी एकटी कबूल करणार नाही, दोघी मिळून करू. पोर आपण सांभाळू, तुमच्या मुलीला पोटभर झोपू दे. माझ्या खोलीत झोपा. मी घोरते असे माझा मुलगा म्हणतो, पण तो लहानपणापासून थापाड्या आहे. मी बोलावले हे तिला कळता कामा नये. आपणहून आल्यासारखा चेहरा करा. सामान एकच पिशवी. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर आले नाही, तर मी स्वतः न्यायला येईन, आणि मग त्या पिशवीत काय भरायचे तेही मीच ठरवीन.